संगणकाच्या देवडीवरील वर्दी

जुन्या वाड्यांना देवडी असे. बाहेरून आलेला माणूस, मग तो सावकाराचा कारकून असो की परगावचा पाहुणा, एकदम सदरेवर येऊन बसत नसे. देवडीवर त्याला थांबावे लागे, पहारेकरी आत वर्दी देई आणि त्याला आत घ्यावयाचे, बसवून ठेवावयाचे की परत पाठवावयाचे, हे घरधन्याच्या मर्जीवर ठरे. वर्दी देण्याचे काम दिसावयास हलके, परंतु घराची सारी शिस्त त्यावर अवलंबून असे. आज ज्या यंत्रापुढे लक्षावधी माणसे दिवसाचे आठ-आठ तास बसून असतात, त्या संगणकाच्या पडद्यालाही अशीच एक देवडी आहे. ती पडद्याच्या एका कोपऱ्यात, बहुधा घड्याळाच्या शेजारी असते. तेथे नखाएवढी लहान लहान चित्रे दिसतात. एक ध्वनिक्षेपकाचे, एक विजेच्या साठ्याचे, एखादे लिफाफ्याचे. टपाल आले, छपाई अडली, बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटला, याची वर्दी ही चित्रे देतात. त्यांचा इतिहास जेमतेम चार-साडेचार दशकांचा आहे. परंतु एवढ्या अवधीत त्या बोटभर जागेवरून जे तंटे झाले, ते एखाद्या वतनाच्या तंट्यास शोभतील असे आहेत. तंट्याचा मुद्दा मुळात एकच आहे. ही देवडी कोणाच्या हुकमातली? वर्दी घेऊन येणाऱ्या प्रोग्रामच्या, वाडा बांधणाऱ्या कंपनीच्या, की आत बसून काम करणाऱ्या माणसाच्या?

प्रारंभी चित्र नव्हतेच, होती ती घंटा. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून ज्यांनी टेलिप्रिंटर चालताना पाहिला असेल, त्यांना तो खडखडाट आणि मध्येच वाजणारी घंटा आठवत असेल. ही घंटा दूरच्या टोकाला बसलेला माणूस वाजवीत असे. तारेवरून अक्षरे जात, त्यांतच एक सांकेतिक अक्षर असे होते की, ते पोहोचताच पलीकडे कागदावर काही न उमटता घंटा वाजावयाची. अमेरिकेत १९६३ साली संगणकांसाठी अक्षरांची जी प्रमाण सांकेतिक सारणी ठरली, तिच्यातही सातव्या क्रमांकावर हे घंटेचे अक्षर ठेवण्यात आले, आणि ते अद्याप तेथेच आहे. घंटेचा दोष उघड होता. ती वाजली एवढे कळे, कशासाठी वाजली ते कळत नसे आणि वाजून गेल्यावर तिची खूण मागे राहत नसे. टेबलापासून क्षणभर उठून गेलेल्या माणसास ती न वाजल्यासारखीच.

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात युनिक्स या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती तयार होत होती. तिच्यात बिफ नावाचा एक छोटा प्रोग्राम आला. टपाल येताच तो पडद्यावर, जे काही काम चालले असेल त्याच्या मधोमध, आलेल्या पत्राच्या पहिल्या काही ओळी उमटवीत असे. बिफ हे नाव विद्यापीठाच्या संगणक विभागात वावरणाऱ्या एका कुत्र्याचे. तो टपालवाल्यावर भुंकत असे, म्हणून प्रोग्रामला त्याचे नाव दिले, अशी आख्यायिका पसरली. खुद्द कुत्र्याच्या मालकिणीने मात्र ती खरी नसल्याचे पुढे सांगितले. आख्यायिका खोटी असली तरी समर्पक होती, कारण हा प्रोग्राम खरोखरच भुंकत असे. मात्र त्याच्यात एक गुण होता, तो पुढच्या पिढ्यांनी हरवला. टपालाची वर्दी हवी असेल त्याने बिफच्या नावापुढे एक अक्षर टंकावयाचे, नको असेल त्याने दुसरे. होकार किंवा नकार एका अक्षरात मिळे, आणि तो देणारा पडद्यापुढचा माणूसच असे.

चित्राने वर्दी देण्याची कल्पना याच काळात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्राच्या परंपरेतून पुढे आली. पडद्यावरील लहान चित्राला इंग्रजीत जे आयकॉन म्हणतात, तो शब्द या अर्थाने डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी १९७५ सालच्या आपल्या प्रबंधात रूढ केला. पुढे हेच स्मिथ झेरॉक्सच्या स्टार या संगणकाच्या रचनाकारांपैकी एक झाले. १९८१ साली बाजारात आलेल्या स्टारचा पडदा म्हणजे कचेरीतील टेबलच होते. त्यावर कागद होते, फाइली होत्या, कपाट होते, आणि आवकजावकीचे दोन ट्रेही होते. टपाल आले की आवकीच्या ट्रेच्या चित्रात एक लिफाफा दिसू लागे. घंटा नाही, भुंकणे नाही. काम करणाऱ्याची नजर जाईल तेव्हा जाईल, चित्र वाट पाहत राही. कारकुनाच्या टेबलावरचा ट्रे जसा भरतो व कोणालाही हाक मारीत नाही, तसाच हा. या विषयाच्या इतिहासात इतकी शालीन सुरुवात पुन्हा पाहावयास मिळत नाही. स्टार महाग होता व फारसा खपला नाही, परंतु त्याची चित्रे पुढच्या साऱ्या संगणकांनी उचलली.

युनिक्सच्या जगातही चित्रांचा पडदा आला तेव्हा बिफचा नवा अवतार निघाला, एक्सबिफ. त्यात अमेरिकेतील खेड्यापाड्यांत घराबाहेर खांबावर बसवलेली असते तशी टपालपेटी दिसे, आणि पत्र आले की पेटीवरचा छोटा झेंडा वर होई. पेटीवर माऊसची टिचकी मारली की झेंडा खाली. येथे एक गंमत नोंदण्यासारखी आहे. अमेरिकेत खऱ्या पेटीवरचा झेंडा टपालवाला उभारीत नाही, घरमालक उभारतो. ‘माझे पत्र टाकावयाचे आहे, घेऊन जा’ अशी ती टपालवाल्याला खूण असते. संगणकावर तिचा अर्थ नेमका उलटा झाला, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार ऐकू आली नाही. लहान चित्राचे सामर्थ्य ते हुबेहूब असण्यात नसून पाहणाऱ्यास ते लगेच उमगण्यात असते, हे यावरून दिसते.

ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉशवर हा प्रश्न थोडा उशिरा, पण अधिक नेटका सोडवला गेला. १९८७ पर्यंत त्या यंत्रावर सामान्यतः एका वेळी एकच प्रोग्राम चालत असे, तेव्हा वर्दीचा प्रश्नच नव्हता. घरात एकटाच माणूस असेल तर त्याने कोणाला हाक मारावयाची? त्या वर्षी अनेक प्रोग्राम एकत्र चालविण्याची सोय झाली आणि लगेच १९८८ च्या सहाव्या आवृत्तीत वर्दीसाठी एक वेगळी व्यवस्था आली. मागे राहिलेल्या प्रोग्रामला काही सांगावयाचे असेल तर त्याने या व्यवस्थेकडे विनंती करावयाची. ती त्याच्या नावापुढे चौकटीच्या आकाराची एक खूण करी, वरच्या पट्टीच्या कडेला त्याचे लहान चित्र आळीपाळीने झळकवी, हवा तर आवाज देई, आणि अगदीच निकड असेल तर मजकुराची चौकट पुढे आणी. सौम्य खुणेपासून आग्रहाच्या हाकेपर्यंत पायऱ्या होत्या. प्रोग्रामने स्वतः येऊन ओरडावयाचे नाही, मधल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा, हे तत्त्व येथे प्रथम स्पष्ट दिसते.

आणि मग १९९५ च्या ऑगस्टची २४ तारीख उजाडली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ विक्रीस काढले, आणि ज्या कोपऱ्याविषयी हे सारे सांगावयाचे आहे तो कोपरा जगाच्या परिचयाचा झाला. पडद्याच्या तळाशी एक पट्टी, तिच्या डाव्या टोकाला प्रारंभाचे बटण, उजव्या टोकाला घड्याळ, आणि घड्याळाच्या अलीकडे खोलगट दिसणारी एक जागा. मायक्रोसॉफ्टने तिचे नाव ठेवले ‘सूचनांची जागा’ या अर्थाचे. लोकांनी मात्र तिला सिस्टिम ट्रे म्हणावयास सुरुवात केली, आणि कंपनीचे जाणते अभियंते वर्षानुवर्षे हे नाव चूक असल्याचे सांगत राहिले. त्यांपैकी रेमंड चेन यांनी या नावाची जी उकल केली आहे ती मोठी मनोरंजक आहे. विंडोज ९५ च्या घडणीच्या अगदी प्रारंभी तळाची पट्टी ही पट्टी नव्हतीच. ती वस्तू ठेवण्याची एक जागा होती, टेबलाच्या खणात टाचण्या व पेन्सिली ठेवण्यासाठी ट्रे असतो तशी. ती कल्पना पुढे सोडून देण्यात आली, पण प्रोग्रामच्या पोटात तिचे नाव तसेच राहून गेले. त्यातच आवाजाचे व विजेच्या साठ्याचे चित्र दाखविणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामच्या नावात हा शब्द होता. तो बंद केला की ती चित्रे जात, तेव्हा लोकांनी तर्क केला की त्या कोपऱ्याचा कारभारी हाच, आणि कोपऱ्याचे नाव तेच. गावाला कारभाऱ्याचे नाव पडावे, आणि तेही चुकीच्या कारभाऱ्याचे, असा हा प्रकार झाला. शब्द लोकांच्या तोंडी बसला की त्याला व्याकरणकार काय किंवा अभियंते काय, कोणी उपटू शकत नाही.

त्या कोपऱ्यातील यंत्रणा साधी होती. प्रोग्रामने एकच विनंती करावयाची, आणि तिचे तीन प्रकार. माझे चित्र जोडा, माझे चित्र बदला, माझे चित्र काढा. चित्र आडवे सोळा व उभे सोळा, म्हणजे एकूण २५६ ठिपक्यांचे. त्याच्यासोबत एक छोटा मजकूर, माऊसचा बाण चित्रावर नेला की दिसणारा. त्यासाठी प्रथम केवळ ६४ अक्षरांची जागा होती, ती २००० साली १२८ झाली. चित्रावर टिचकी मारली की पट्टी ती बातमी त्या प्रोग्रामला पोहोचवी. चित्र दाखविणारा आणि चित्राचा मालक हे दोन वेगळे प्रोग्राम होते, आणि त्यातून चमत्कारिक प्रसंग उद्भवत.

एखादा प्रोग्राम मध्येच कोसळला, म्हणजे ‘माझे चित्र काढा’ हे सांगण्यास तो उरलाच नाही, तर त्याचे चित्र कोपऱ्यात तसेच राही. धनी गेला तरी दारावरची पाटी राहावी तसे. कोणी माऊसचा बाण त्या चित्रावर नेला की पट्टी त्याच्या मालकाचा शोध घेई, तो नाही असे तिला आढळे, आणि चित्र नाहीसे होई. संगणकावर काम करणाऱ्या कितीतरी जणांनी ओळीने पाच-सहा चित्रांवरून बाण फिरवला आणि ती एकामागून एक अदृश्य झालेली पाहिली असतील. उलट प्रसंग याहून वाईट. पट्टीच कोसळली व पुन्हा उभी राहिली, तर तिला कोणाचेच चित्र आठवत नसे. प्रोग्राम जिवंत असत, काम करीत असत, पण देवडीवर त्यांची नोंद नसे. जो प्रोग्राम केवळ त्या चित्रावाटेच हाती लागत होता तो आता हाताबाहेर गेला. यावर पुढे तोड निघाली ती अशी की, पट्टी नव्याने उभी राहिली की तिने सर्वांना दवंडी पिटावयाची आणि ज्यांना ती ऐकू येईल त्यांनी आपापली चित्रे पुन्हा जोडावयाची. ज्या प्रोग्रामकारांनी दवंडी ऐकण्याची तजवीज केली नाही, त्यांचे प्रोग्राम पूर्ववत अंधारात राहिले.

चित्रांची उपयुक्तता मात्र नाकारता येणार नाही. वर्दीची दोन कामे असतात. एक, काही घडले हे सांगणे, आणि दुसरे, स्थिती काय आहे हे दाखवीत राहणे. दुसऱ्या कामात हे चित्र फार गुणाचे. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय झाल्यापासून ज्यांना एकाच पानावर मराठी व इंग्रजी दोन्ही टंकावे लागते, त्यांची नजर त्या कोपऱ्यातील भाषेच्या खुणेकडे किती वेळा जाते हे त्यांनाच ठाऊक. ती खूण हाक मारीत नाही, उसळी घेत नाही, पण ती नसती तर अर्धी ओळ भलत्याच लिपीत टंकून झाल्यावर चूक लक्षात आली असती.

विंडोज ९५ ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी, डिसेंबरात, झेरॉक्सच्या त्याच पालो आल्टो केंद्रातील मार्क वायझर व जॉन सीली ब्राऊन यांनी एक लहानसा निबंध लिहिला. तंत्रविद्या शांत असावी, तिने माणसाच्या लक्षाच्या कडेला राहावे आणि गरज पडेल तेव्हाच मध्यभागी यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. उदाहरण त्यांनी दिले ते नताली जेरेमिजेंको या कलावतीने त्या केंद्रात उभारलेल्या एका वस्तूचे. छताला एक छोटी विजेची मोटर, तिच्यापासून लोंबणारी आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची दोरी, आणि मोटरचा संबंध इमारतीतील संगणकांना जोडणाऱ्या तारेशी. तारेवरून माहितीचा कण गेला की मोटरला किंचित हिसका बसे. वर्दळ कमी असली की दोरी अधूनमधून थरथरे, वर्दळ वाढली की ती गरगर फिरे व तिचा विशिष्ट आवाज येई. येणाऱ्या-जाणाऱ्यास कानाकोपऱ्यातून जाळ्याची स्थिती कळे, आणि कोणाचे काम थांबत नसे. हा निबंध पुष्कळांनी वाचला, वाखाणला. कोपऱ्यातील चित्रांचा प्रवास मात्र त्याच्या नेमका उलट दिशेने झाला.

१९९६ च्या नोव्हेंबरात इस्रायलमधील मिराबिलिस या छोट्या कंपनीने आयसीक्यू नावाचा निरोप्या काढला. त्याचे फूल घड्याळाशेजारी बसे. संबंध जुळला की हिरवे, तुटला की तांबडे. निरोप आला की तेथले चित्र उघडझाप करी आणि एक चमत्कारिक उद्गार ऐकू येई. हे चित्र आपल्या जागी योग्यच होते, त्याला सांगण्यासारखे काही होते. परंतु त्याच्या मागोमाग जे आले त्यांना सांगण्यासारखे काहीच नव्हते. छपाईयंत्राचा प्रोग्राम, ध्वनिफिती वाजविणारा प्रोग्राम, चित्रफिती दाखविणारा, कागदपत्रे उघडणारा, प्रत्येकाने संगणक सुरू होताच कोपऱ्यात ठाण मांडण्यास प्रारंभ केला. ‘मी येथे आहे’ एवढीच त्यांची वर्दी. घड्याळाशेजारची ती जागा म्हणजे फुकट मिळालेली जाहिरातीची पाटी होती, आणि ती सोडणार कोण? पहारेकऱ्याची देवडी पाहता पाहता बाजारातील ओटा बनली. विकत आणलेला नवा संगणक प्रथमच सुरू करावा तो कोपऱ्यात दहा-बारा चित्रे आधीच बसलेली, असा अनुभव पुढे सर्वत्र येऊ लागला.

२००० साली यात फुग्यांची भर पडली. चित्रकथांत पात्राच्या तोंडून निघतो तसा एक पिवळट फुगा त्या चित्रातून वर येऊन मजकूर सांगू लागला. तो किमान १० व कमाल ३० सेकंद राहावा असा नियम ठरला, आणि पुढे एका वेळी एकच फुगा दिसावा, बाकीच्यांनी रांगेत थांबावे, अशीही तरतूद झाली. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. परंतु अक्षरे मिळाली तशी बडबड वाढली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये तर खुद्द कार्यप्रणालीच फुगा काढून सांगू लागली की पडद्यावर काही चित्रे बरेच दिवस वापरात नाहीत, ती आवरावीत. घरधन्याने न विचारता पहारेकऱ्यानेच त्याच्या खोलीतील पसाऱ्यावर टीका करावी, असे हे झाले. त्याच आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने गर्दीवर उपायही आणला. जी चित्रे बराच काळ स्तब्ध आहेत ती एका बाणामागे दडवावयाची, आणि प्रत्येकाविषयी ते नेहमी दिसावे, कधीच दिसू नये की गरजेपुरते दिसावे, हे वापरणाऱ्याने ठरवावयाचे.

तेव्हा प्रोग्रामकारांनी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. आमचे चित्र दडवले जाऊ नये अशी आज्ञा प्रोग्राममधून कशी द्यावी? उत्तर असे मिळाले की, तशी आज्ञाच नाही, आणि ती जाणूनबुजून ठेवलेली नाही. कारण ती असती तर प्रत्येक प्रोग्रामने ती दिली असती, आणि मग बाणामागे दडावयास कोणीच उरले नसते. वापरणाऱ्याने आपल्या हाताने चित्र बाहेर आणून ठेवावे, हाच एक मार्ग. या साऱ्या इतिहासात मायक्रोसॉफ्टने घेतलेला सर्वांत ठाम आणि सर्वांत न्याय्य निर्णय हाच असावा. त्यापूर्वीच्या कित्येक गोष्टींबद्दल त्या कंपनीला दोष देता येईल, परंतु येथे तिने प्रोग्रामकारांची बाजू न घेता पडद्यापुढे बसलेल्या माणसाची घेतली.

देवडीवरचा विश्वास किती मोलाचा असतो हे त्यानंतरच्या काही वर्षांत चोरांनी दाखवून दिले. २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या सुधारणेत सुरक्षेसाठी एक केंद्र आले. संगणकाचे रक्षण नीट होत नसेल तर कोपऱ्यात तांबडी ढाल दिसे व फुगा इशारा देई. लवकरच तशाच ढाली व तसेच फुगे दाखविणारे लबाड प्रोग्राम पसरले. ‘तुमच्या संगणकास लागण झाली आहे, येथे टिचकी मारा’ असे ते म्हणत, आणि टिचकी मारणारा भोळा माणूस पैसे देऊन निरुपयोगी, कित्येकदा घातक, औषध विकत घेई. पहारेकऱ्याचा पोशाख कोणीही घालू शकत होता. २५६ ठिपक्यांच्या चित्राला सही-शिक्का नसतो.

सतत येणाऱ्या वर्दीचा माणसावर काय परिणाम होतो, याचाही याच सुमारास अभ्यास सुरू झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेतील प्राध्यापिका ग्लोरिया मार्क व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काम करताना ज्यांना मध्येच अडवण्यात आले, त्यांनी काम उलट लवकर पुरे केले, असे त्यांना आढळले. झालेली खोटी भरून काढण्यासाठी ती माणसे वेगाने काम करीत. पण त्याची किंमत म्हणून ताण, उद्वेग आणि घाईची जाणीव त्यांच्या ठिकाणी अधिक दिसली. म्हणजे नुकसान कामाच्या हिशेबात दिसत नाही, ते माणसाच्या जिवावर पडते. कचेरीच्या वहीत ज्याची नोंद होत नाही असा हा खर्च.

२००९ च्या विंडोज ७ मध्ये कोपऱ्यातील नियम आणखी कडक झाले. यंत्रणेची मोजकी चित्रे सोडली तर नवागताचे चित्र प्रथम बाणामागेच जाऊ लागले. २०१५ च्या विंडोज १० मध्ये आलेल्या वर्द्या साठवून ठेवणारी एक बाजूची पट्टी आली. ॲपलने २००१ पासूनच तळाच्या चित्रांवर तांबड्या वर्तुळात न वाचलेल्या पत्रांची संख्या दाखविण्यास सुरुवात केली होती, आणि २०१२ च्या जुलैत आपल्या संगणकांवर वर्द्यांचे स्वतंत्र केंद्र आणले. तांबड्या वर्तुळातील आकड्यास मात्र कडक म्हणता येणार नाही. पुढे २००७ साली हातातल्या फोनवर गेलेला हा आकडा नम्र दिसतो, पण तो कधी शून्यावर येऊ देत नाही, आणि त्याच्याकडे न पाहणे भल्याभल्यांना साधत नाही. संकेतस्थळांनी वर्दीची परवानगी मागण्याचा जो सपाटा लावला होता त्याला मात्र २०२० च्या आरंभी फायरफॉक्स व क्रोम या दोन्ही न्याहाळकांनी आळा घातला. परवानगीची मोठी चौकट, फायरफॉक्समध्ये सर्रास व क्रोममध्ये वारंवार नकार देणाऱ्यांपुरती, बाजूस सारून पत्त्याच्या पट्टीत एक लहान चित्र दिसू लागले. शेवटी तेथेही चित्रच कामास आले.

या तंट्याची सर्वांत मोकळी सुनावणी झाली ती लिनक्सच्या जगात, कारण तेथे सारे दप्तर उघडे असते. २००२ साली तेथील निरनिराळ्या गटांनी मिळून कोपऱ्याचा एक समाईक नियम ठरवला. त्या नियमाप्रमाणे प्रत्येक चित्र हे वस्तुतः त्या त्या प्रोग्रामची एक चिमुकली खिडकी असे, आणि कोपरा तिला फक्त जागा देई. वाड्याच्या भिंतीत परक्याने आपली खिडकी बसवावी तसे. परिणामी चित्र लहानमोठे करणे, पट्टीच्या रंगाशी जुळवून घेणे, सर्वांची वागणूक सारखी ठेवणे, हे कोपऱ्याच्या मालकाच्या हाती राहिले नाही. एकावर डावी टिचकी मारली तर यादी उघडे, दुसऱ्यावर मारली तर खिडकी, तिसऱ्यावर मारली तर काहीच नाही.

२००९-१० च्या सुमारास केडीई या गटाने नवी पद्धत सुचविली, आणि तीत जुन्या तत्त्वाची उलटापालट होती. प्रोग्रामने चित्र रंगवावयाचे नाही, माहिती द्यावयाची. मी कोणत्या वर्गातला: सामान्य प्रोग्राम, संदेशवहन, यंत्रणेची सेवा की यंत्रसामग्री? माझी अवस्था कोणती: निष्क्रिय, सक्रिय की लक्ष देण्याजोगी? एवढे सांगून त्याने थांबावयाचे. ते कोठे, केवढे व कसे दाखवावयाचे, किंवा दाखवावयाचेच की नाही, हे पट्टी ठरवील. पाहुण्याने नाव व काम सांगावे आणि देवडीवर बसावे, वर्दी पहारेकरी देईल. मॅकिंटॉशच्या १९८८ मधील अर्जाचेच हे अधिक विचारी रूप होते.

उबुंटू हे लिनक्सचे लोकप्रिय रूप काढणाऱ्या मंडळींनी मात्र घाई केली. २००९ च्या एप्रिलमधील आवृत्तीत त्यांनी असे फुगे आणले की ज्यांच्यावर एकही बटण नव्हते. ते आपोआप येत, आपोआप जात, आणि माऊसचा बाण जवळ नेला की पारदर्शक होऊन खालचे काम करू देत. कल्पना सुंदर होती. पण त्याच आवृत्तीत सुधारणा उपलब्ध असल्याचे सांगणारे कोपऱ्यातील चित्र काढून त्याऐवजी सुधारणांची सबंध खिडकीच आपोआप उघडण्याची व्यवस्था केली गेली. नखाएवढे चित्र नको म्हणून हातभर खिडकी! लोक चिडले यात नवल नाही. २०११ मध्ये त्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. जुन्या पद्धतीच्या चित्रांना मज्जाव झाला आणि देवडीवर परवानगीची एक छोटी यादी टांगली गेली. तीत वाईन, स्काईप, मम्बल अशी मोजकी नावे होती. यादीबाहेरचा प्रोग्राम चालत राही, पण दिसत नसे. ज्याला एखादा प्रोग्राम हवा होता त्याने आपल्या संगणकात ती यादी शोधून काढली आणि तीतील सारी नावे पुसून ‘सर्व’ असा एकच शब्द लिहिला. ही युक्ती तोंडोतोंडी पसरली. दोन वर्षांनी यादीच रद्द झाली, आणि तिच्यासह त्या चित्रांचा प्रवेशही.

ग्नोम या दुसऱ्या मोठ्या गटाची भूमिका आणखी सोवळी होती. २०११ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यांनी अशा चित्रांना प्रथम तळाशी, मग २०१५ मध्ये डाव्या कोपऱ्यातील एका मिटणाऱ्या पेटीत ढकलले, आणि २०१७ च्या सप्टेंबरात ती पेटीही काढून टाकली. वर्दी द्यावयाची असेल तर ती द्या व निघून जा, कायम मुक्काम नको, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद बिनतोड वाटतो, परंतु जो प्रोग्राम मागे राहून दिवसभर फायली जुळवीत असतो, त्याचे काम चालले आहे की अडले, हे एका दृष्टिक्षेपात कळावे असे ज्याला वाटते त्याला या युक्तिवादात उत्तर मिळत नाही. उबुंटूने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपली जुनी मांडणी टाकून ग्नोमची स्वीकारली. मात्र सोबत एक जोडणी आधीच बसवून दिली, आणि ग्नोमने काढून टाकलेली चित्रे त्या जोडणीतून, केडीईच्या नव्या पद्धतीने, उजव्या कोपऱ्यात पुन्हा दिसू लागली.